पाणी लागलेलं नाही

पाऊण लाखात मिळाली.
रंग चंदेरी, दुसरा मालक,
कागद चोख, टायर निम्म्या आयुष्याचे.
माधवनगर रोडच्या शेडमध्ये
आप्पासो एजंटांनी बोनेटवर थाप मारली
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी,
आणि आपण होऊन म्हणाले,
"पाणी लागलेलं नाही."

तेव्हाच कळायला हवं होतं.
न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर
सांगलीत कुणी फुकट देत नाही.

पहिल्या महिन्यात सेल्फ गेला.
मग अल्टरनेटर.
मग डावी काच खाली जाईना,
गेली ती वर येईना.
अख्खा नोव्हेंबर दाराला
बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा लावून हिंडलो.
(मी कोल्ड स्टोअरेजला वजनाच्या पावत्या फाडतो.
दुसऱ्याच्या मालातली खोट
मला ग्रॅमपर्यंत कळते.)

मिरजेला दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात
बाकावर माझी जागा ठरलेली.
चहाचा पोरगा विचारत नाही, ठेवून जातो.
मिस्त्री गाडीवर कधी चिडत नाहीत.
कान लावतात, डोळे मिटतात,
आणि आजाऱ्याच्या नातेवाइकाला
बाजूला घेऊन सांगावं तसं सांगतात,
"वायरिंग आतनं हिरवं पडलंया, सर.
एक बदलली की दुसरी रुसती."

साडेतीन हजार. अकराशे.
पुन्हा अकराशे, त्याच कामाचे.
क्लचप्लेट निघाली त्या महिन्यात
कुमुदिनीच्या दाताची कॅप राहिली.
अजून ती डाव्या बाजूनंच जेवते,
आणि त्याबद्दल काही बोलत नाही,
हे बोलण्यापेक्षा महाग.

आयर्विन पुलावर ऐन सहा वाजता बंद पडली.
ढकलणाऱ्यांतला एक जण धापा टाकत म्हणाला,
"पावनं, ही इका आन् म्हस घ्या.
निदान दूध तर दील."

एकदाच, दंडोबाला गेलो होतो तेव्हा,
दिवसभर काहीच झालं नाही.
चढ चढली, उतार उतरली, काटा मध्यावर.
परतीच्या वाटेवर आम्ही दोघं गप्प,
कुठून काही आवाज येतोय का
ऐकत.

या उन्हाळ्यात मिस्त्रींनी
डाव्या दाराचं पॅनल पहिल्यांदा पुरतं उघडलं
आणि मला हाक मारली.
आत पत्र्यावर, काचेच्या चार बोटं खाली,
एक रेघ.
तपकिरी, वाळलेली, ओळंबा लावल्यासारखी सपाट.
नखानं खरवडली तर भुकटी.
वास मी ओळखला.

"मला पयल्या दिशीच आल्ता वास," मिस्त्री म्हणाले.
"पन तुमी पेढे घिऊन आल्ता.
काय बोलनार?"

गावभागातल्या आमच्या घरी
जिन्याच्या भिंतीवर हीच रेघ आहे,
सातव्या पायरीशी.
दोनदा रंग दिला; थंडीत पुन्हा वर येते.
म्हणजे त्या ऑगस्टात आम्ही विट्याला
मेहुण्याच्या हॉलमध्ये सतरंजीवर पडून
टीव्हीवर आपली गल्ली शोधत होतो तेव्हा
हीसुद्धा कुठल्याशा बोळात उभी होती,
काचा लावलेल्या, हँडब्रेक ओढलेला,
त्याच पाण्यात.

त्यानंतर तिच्यावर ओरडणं मला जमेना.
पण पैसे तर जातच होते.

रविवारी जतचा बिराप्पा आला बघायला.
पासष्ट हजार, रबरबँड लावलेले,
सदऱ्याच्या आतल्या खिशात.
त्याच्या गावाला अजून टँकर येतो.
गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या,
बोनेटमध्ये वाकला, आणि म्हणाला,
"सायेब, पाण्याचं..."

माझ्या पोटात गोळा आला.

"...पाण्याचं म्हंतो मी, लई पिती का?
आमच्याकडं पाणी न्हाई."

नाही, म्हणालो. रेडिएटर नवा आहे.
हे खरं होतं. पावतीही होती.
तो हसला, नोटांचं रबर काढू लागला,
एक बोट जिभेला लावून.

थांबा, म्हणालो,
आणि स्क्रूड्रायव्हर आणायला घरात गेलो.
जिन्यात, सातव्या पायरीशी,
जरा वेळ उभा राहिलो.